एकाच पाण्याचे किती विषय

(१९९५ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना घाईत राहून गेलेली दोन-चार वाक्यं लिहिताना घातली आहेत.)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू आयटीतली, तू एआयवर बोल. पंधरा मिनिटं." मी हो म्हटलं. मग आठवडाभर विचार केला आणि लक्षात आलं की एआयवर तुम्ही सगळे आपल्या ग्रुपवर रोज माझ्यापेक्षा जास्त लिहिता. म्हणून मी विषय बदलला आहे. संयोजकांना हे आत्ताच कळतंय, त्याबद्दल क्षमस्व.

मी बोलणार आहे संशोधनाबद्दल. माणसं किती वेगवेगळ्या विषयांत, किती वेगवेगळ्या बाजूंनी शोध घेत असतात, आणि दहावीच्या निकालानंतर आपल्याला जे तीन दरवाजे दाखवले गेले, सायन्स, कॉमर्स, आर्ट्स, त्यांचा त्या शोधाशी किती कमी संबंध असतो, याबद्दल. शिवाय मला इथे एकीची जाहीर माफी मागायची आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला मी आधी काही सांगितलेलं नाही.

सुरुवात सहलीपासून करते. आठवीतली सहल आठवतेय ना? ती सहल म्हणायची की शिक्षा, यावर वर्गात एकमत नव्हतं. बाकीच्या शाळांची मुलं महाबळेश्वरला जायची आणि आपण डबे घेऊन, दोघादोघांच्या रांगेत, चालत गेलो सीडब्ल्यूपीआरएसला. केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. आपल्यातल्या काहींचे वडील तिथेच नोकरीला होते, त्यांना तर वडिलांच्या ऑफिसात सहल म्हणजे फारच वाईट वाटलं.

आत गेल्यावर मात्र सगळे गप्प झालो. मोठमोठ्या शेडमध्ये जमिनीवर सिमेंटच्या नद्या. वळणं, बेटं, पुलाचे खांब, सगळं गुडघ्याएवढं. एका ठिकाणी अख्खं बंदर, आणि त्यात यंत्रानं लाटा सोडलेल्या. आपल्यातल्या कुणीतरी कागदाची होडी सोडली होती, नाव घेत नाही, तो आज मोठा बिल्डर आहे. तिथल्या साहेबांनी आपल्याला सांगितलं होतं की हे नदीचं शंभराव्या हिश्शाचं मॉडेल आहे आणि इथला एक तास म्हणजे खऱ्या नदीतले दहा तास. मी हात वर करून विचारलं होतं, "सर, शंभर का नाही?" त्यांनी फळ्यावर वर्गमूळ काढून दाखवलं. लांबी शंभर पटींनी कमी केली तर वेग दहा पटींनी कमी होतो, आणि म्हणून वेळही दहाच पटींनी. हा नियम फ्रूड नावाच्या एका इंग्रज जहाज-इंजिनिअरच्या नावानं ओळखला जातो. वर्गमूळ कशासाठी शिकतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. गणिताच्या बाईंनी रागावू नये.

त्या साहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, तिचं महत्त्व मला फार नंतर समजलं. नदी लहान करता येते, पण वाळू लहान करता येत नाही. वाळूचा कण शंभर पट बारीक केला की तो चिखल होतो, चिकटून बसतो, वाळूसारखा वागतच नाही. म्हणून अशा मॉडेलमध्ये वाळूऐवजी हलक्या वस्तू वापरतात, कोळशाची पूड, अक्रोडाच्या टरफलांची भुकटी. म्हणजे नदी समजून घ्यायला निघालेला माणूस शेवटी अक्रोडाच्या टरफलापर्यंत जातो. आपण तेव्हा हसलो होतो.

मग दहावीचा निकाल लागला. मला ८८ टक्के आणि तिला ८६. मी सायन्सला जाणार हे ठरलेलंच होतं, कुणी विचारलंसुद्धा नाही. तिनं मात्र आर्ट्सचा फॉर्म भरला. घरी रडारड, शाळेत कुजबुज. एका सरांनी तिच्या वडिलांना बोलावून समजावलं, ते प्रेमापोटीच होतं हे मला माहीत आहे. आणि मी, तिची बाकावरची मैत्रीण, धरणाच्या भिंतीजवळ कणीस खात तिला म्हणाले, "इतिहास वाचून काय करणार आहेस गं? जे होऊन गेलंय ते कशाला शोधायचं?" ती काही बोलली नाही. कणीस अर्धं टाकून बसस्टॉपकडे निघून गेली. त्यानंतर आमचं बोलणं लग्नाच्या पत्रिकेपुरतंच उरलं.

आता एकदम वीस-बावीस वर्षं पुढे येते. मी इंजिनिअर झाले, नोकऱ्या केल्या, दोन वर्षं परदेशात राहून परत आले. सात वर्षांपूर्वी आमच्याकडे एक काम आलं. एका नदीच्या खोऱ्यातल्या जुन्या पावसाच्या नोंदी संगणकावर आणायच्या आणि त्यावरून काढायचं की पन्नास वर्षांत एकदा किंवा शंभर वर्षांत एकदा एका दिवसात किती पाऊस पडू शकतो. त्या आकड्यावरून रस्त्याखालच्या मोऱ्या आणि लहान पूल किती रुंद ठेवायचे ते ठरतं. आकडा कमी निघाला तर मोरी तुंबते आणि रस्ता वाहून जातो. जास्त निघाला तर पैसे वाया. काम गावाचं, पैसे सरकारचे, आणि प्रोग्राम माझा.

नोंदींच्या वह्या जुन्या, तालुका कचेरीतल्या. प्रत्येक दिवसापुढे दोन रकाने: इंच आणि सेंट. सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, तेव्हा पाऊस असाच मोजायचे. डेटा एन्ट्रीच्या मुलांनी दोन्ही रकाने भरले आणि माझ्या प्रोग्रामनं त्यांच्यामध्ये टिंब घालून त्यांचा एक आकडा केला. १ इंच ३५ सेंट झाले १.३५. बरोबर. १ इंच १२ सेंट झाले १.१२. बरोबर. जिथे रकाना रिकामा होता, तिथे प्रोग्रामनं शून्य धरलं. पाऊस नाही, म्हणून नोंद नाही. आलेख काढला. सरासरी अगदी शेजारच्या तालुक्यांसारखी आली. सुंदर आलेख होता. अहवाल तयार झाला, दोन दिवसांत पाठवायचा होता.

एका वहीच्या समासात मोडीत काहीतरी खरडलेलं होतं. मला सहज गंमत म्हणून आपल्या ग्रुपवर फोटो टाकावासा वाटला. "कुणाला वाचता येतंय का?" बहुतेकांनी हसणारे चेहरे टाकले. रात्री अकरा वाजता तिचा फोन आला. पहिल्यांदा. वीस वर्षांनी.

ती इतिहासात एम.ए. झाली होती, मोडी शिकली होती, आता शिकवतही होती. आपल्याकडे १९५० च्या आसपासपर्यंत कारभारात मोडी सर्रास चालायची, त्यामुळे जमिनीच्या खटल्यांपासून देवस्थानच्या वादापर्यंत लोक तिच्याकडे कागद घेऊन येतात, हे मला तेव्हा कळलं. तिनं विचारलं, "या वहीची बाकीची पानं पाठव." पाठवली. अर्ध्या तासानं पुन्हा फोन. समासात लिहिलं होतं की प्लेगमुळे गाव उठून माळावर गेलंय, म्हणून पर्जन्यमापक पाहायला कुणी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ती वही. प्लेगच्या वर्षांत लोक घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे, हे आपण पुस्तकात वाचलंय. त्या माणसांच्या पळापळीचा माझ्या प्रोग्राममध्ये कोरडा दुष्काळ झाला होता. सहा आठवडे, शून्य, शून्य, शून्य.

ती म्हणाली, "अगं, तुझ्या प्रोग्रामला कारकून आजारी पडतो हे माहीतच नाही."

मग तिनं दुसरा प्रश्न विचारला, आणि तो खरं तर मी विचारायला हवा होता. "हे पान बघ. इथे इंच शून्य आणि सेंट ९ लिहिलंय. तुझ्या तक्त्यात ०.९ दिसतंय. नऊ सेंट म्हणजे पाऊण इंचाच्या वर कसे होतील?"

माझ्या पोटात गोळा आला. नऊ सेंट म्हणजे ०.०९ इंच. माझ्या प्रोग्रामनं केले ०.९. सव्वादोन मिलिमीटरची भुरभुर जवळजवळ २३ मिलिमीटरची झड झाली होती. जिथे जिथे सेंट दहापेक्षा कमी, तिथे तिथे हीच चूक. आणि रिकाम्या दिवसांना शून्य धरल्यामुळे पाऊस कमी दिसत होता, तर सेंटच्या चुकीमुळे जास्त. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं, म्हणून सरासरी शहाण्यासारखी दिसत होती. कॉलेजात संख्याशास्त्राच्या पेपरात मला चांगले मार्क होते, हेही सांगून ठेवते.

अहवाल थांबवला. तीन महिने जास्त लागले. आमच्याकडे वरून बोलणी बसली, ती मी ऐकून घेतली. तिनं जवळजवळ सगळ्या वह्यांचे समास वाचून दिले. कुठे पर्जन्यमापक जागेवरून हलवलेलं होतं, कुठे शेजारी झाड वाढलेलं, कुठे नवा कारकून आलेला आणि पुढचा सबंध महिना एकाच दिवशी बसून भरल्यासारखा. हे सगळं वाचणं म्हणजे इतिहासाचं संशोधन. तो कागद कुणी लिहिला, कशासाठी, त्याच्यावर कितपत विश्वास ठेवायचा. आम्ही यालाच "डेटा क्लीनिंग" म्हणतो आणि तो सर्वांत नवख्या मुलाकडे ढकलतो.

तर, मी तुझ्याशी धरणावर जे बोलले होते ते मूर्खपणाचं होतं. माफ कर. हे इथे, ज्या शिक्षकांसमोर तुझी कीव केली गेली होती त्यांच्यासमोरच म्हणायचं होतं.

(इथे टाळ्या वाजल्या आणि ती उठून बाहेर गेली. पाच मिनिटांनी परत आली. डोळ्यांत कचरा गेला होता, म्हणाली.)

त्यानंतर ती मला वाचायला लावू लागली. शनिवारी मी खडकवासल्याला आईकडे यायची, तेव्हा ती एखादं पुस्तक घेऊन यायची. मी तिला म्हटलं, मला पाण्याबद्दलच वाच म्हणून सांग, निदान आपल्या गावाशी संबंध राहील. आणि मग हळूहळू लक्षात आलं की आपल्या धरणातल्या एका पाण्यावर किती विषयांच्या लोकांनी आयुष्यं घालवली आहेत.

आपलं धरण १८७९ चं. इंग्रजांनी त्याला लेक फाईफ म्हटलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसले, ते विश्वेश्वरय्यांचे. पूर वाढला की दरवाजे आपोआप उघडणार आणि उतरला की बंद होणार. आपण त्यांना इंजिनिअर म्हणून ओळखतो, त्यांच्या जन्मदिवशी इंजिनिअर्स डे असतो. पण इंजिनिअरिंग शिकायला पुण्याला येण्यापूर्वी ते बी.ए. झाले होते. हे मला कुणी अकरावीत सांगितलं असतं तर!

सीडब्ल्यूपीआरएसचीही गोष्ट तशीच. ते १९१६ मध्ये मुंबई इलाख्यानं सुरू केलं, तेव्हा मोठी धरणं, बंदरं असलं काही डोळ्यांपुढे नव्हतं. पाटबंधाऱ्याचं पाणी शेतीला कसं नीट द्यायचं, हा प्रश्न होता. नीरा कालव्याच्या भागात पाणी जास्त झालं, जमिनी चिबडल्या, पांढरं मीठ वर आलं. कालवा इंजिनिअरनं बरोबर बांधला होता, आणि तरी शेत मेलं. म्हणजे पाण्याबरोबर माती समजायला हवी, पिकं समजायला हवीत, मीठ समजायला हवं. पुढे इंग्लिस साहेबांच्या काळात तिथे नद्यांच्या मॉडेलचं काम वाढलं. आपण कागदाची होडी सोडली ती त्याचीच पुढची पिढी.

आणि पाणी पोहोचल्यावर पुढे काय होतं? ते इंजिनिअर नाही पाहत. ते पाहिलं धनंजयराव गाडगीळांनी. गोखले अर्थशास्त्र संस्थेतून त्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या परिसराची पाहणी केली, तिचा अहवाल १९४८ ला निघाला. कालव्याचा फायदा म्हणजे सरकारला मिळालेली पाणीपट्टी एवढाच धरायचा का? ऊस आला, मजुरी मिळाली, गाड्या वाढल्या, बाजार वाढला, हे कुणी मोजायचं? त्यांनी मोजलं. सिंचनाचा आडून होणारा फायदा मोजण्याचा असा प्रयत्न आपल्याकडे तेव्हा नवाच होता. मी सॉफ्टवेअरमधली, "इम्पॅक्ट" हा शब्द आम्ही दिवसातून दहा वेळा वापरतो. त्यांनी तो गावोगाव फिरून मोजला.

धरणामुळे उठलेल्या माणसांचं काय, हा प्रश्न इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी विचारला. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची त्यांनी केलेली पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. इरावतीबाईंना आपण 'युगान्त'मुळे ओळखतो, पण त्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या, डेक्कन कॉलेजात शिकवत होत्या. धरणाच्या नकाशात गावाची जागा निळ्या रंगानं भरलेली असते. त्या निळ्या रंगाखालची माणसं कुठे गेली, नवीन गावात त्यांना विहीर मिळाली का, नातेवाईक जवळ राहिले का, हे विचारायला दुसऱ्या विषयाचा माणूस यावा लागला.

कोयनेचंच आणखी. धरण भरायला लागलं तसे १९६२-६३ पासून तिथे लहान धक्के जाणवू लागले आणि आपल्या सीडब्ल्यूपीआरएसच्या लोकांनी तिथे भूकंपमापक बसवले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. तोपर्यंत दख्खनचा खडक म्हणजे अढळ, अशीच सगळ्यांची समजूत. साठवलेल्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो का, या प्रश्नासाठी आज जगभरचे भूकंपशास्त्रज्ञ कोयनेची नावं घेतात. कराडला त्यासाठी वेगळं संशोधन केंद्र आहे आणि त्यांनी कोयनेच्या परिसरात सुमारे ३ किलोमीटर खोल विवर घेतलंय. पाण्याचा प्रश्न जमिनीच्या पोटात तीन किलोमीटर गेला.

आणि पहिला कालवा कुणी काढला? इनामगाव आपल्या जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथे १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं उत्खननं केली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत पुराचं पाणी वळवण्यासाठी बांध आणि पाट सापडला. त्या खोदकामात मातीची भांडी पाहणारे वेगळे, जळलेले दाणे ओळखणारे वेगळे, हाडं पाहणारे वेगळे. धान्याचा एक काळा दाणा हातात घेऊन तो सातू आहे की गहू हे सांगणं हेसुद्धा एक शास्त्र आहे आणि त्यावर कुणीतरी जन्म काढलेला असतो.

१९६१ बद्दल मी फार बोलणार नाही, इथल्या बहुतेकांच्या घरी ते आहेच. माझी आजी तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठेत होती. १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटलं आणि ते पाणी आल्यावर त्याच दिवशी आपलं खडकवासल्याचं धरणही फुटलं. पानशेतचं काम अपुरं असताना पावसाळ्यात त्यात पाणी साठत गेलं. त्यात कालव्याच्या मोरीचं बांधकाम आलं, हवामान आलं, पोलादाचा तुटवडा आला, आणि "यंदाच पाणी अडवायचं" हा निर्णयही आला. नंतर गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशा पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. आजी तांब्याची घागर तेवढी घेऊन निघाली होती, ती अजून आमच्याकडे आहे. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला पानशेतवर एकही तास झाला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. दहा मैलांवरची गोष्ट.

एकदा ती मला येरवड्याला डेक्कन कॉलेजात घेऊन गेली, संस्कृत कोश पाहायला. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये तो सुरू केला. ऋग्वेदापासून पुढच्या जवळपास दीड हजार ग्रंथांतले शब्द, सुमारे १ कोटी चिठ्ठ्यांवर, लोखंडी कपाटांत. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, तो कुठे आला, कोणत्या अर्थानं. ६२ ज्ञानशाखांतले ग्रंथ आहेत म्हणतात: वेद, व्याकरण, वैद्यक, गणित, वास्तू, घोड्यांचं आणि हत्तींचं वैद्यकसुद्धा. पहिला भाग १९७६ ला छापला गेला आणि अजून काम 'अ' या अक्षरातच आहे. हसू नका. मीही आधी हसले. मग एक ड्रॉवर उघडून पाहिला. एका शब्दाच्या शंभरएक चिठ्ठ्या, कालक्रमानं. तोच शब्द यज्ञात एक, वैद्यकात दुसरा, राजनीतीत तिसरा. आम्ही ज्याला इंडेक्स म्हणतो तो इथे शाईनं लिहिलेला होता, आणि लिहिणाऱ्यांपैकी कितीतरी जण 'आ' न पाहता निवृत्त झाले. आमच्या कंपनीत तीन महिन्यांत निकाल दिसला नाही तर प्रकल्प बंद करतात. मी त्या दिवशी गप्प बसून आले.

दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव घेतल्याशिवाय हे पुरं होणार नाही, पण घाईत घेते. मूळचे गोव्याचे, व्यवसायानं गणिती, फर्ग्युसनला शिकवलं, पुढे टाटा इन्स्टिट्यूटला. पुण्यात राहून डेक्कन क्वीननं मुंबईला जायचे. नाणं हातोहात फिरताना झिजतं, म्हणून वजनावरून नाण्यांचा क्रम लावता येईल, या विचारानं त्यांनी हजारो नाणी तराजूवर तोलली. भर्तृहरीची चिकित्सित आवृत्ती काढली. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर फिरून अश्मयुगीन गारगोटीची हत्यारं गोळा केली. आणि जनुकांमधलं अंतर मोजण्याचं १९४४ मधलं त्यांचं सूत्र अजून अनुवंशशास्त्रात त्यांच्या नावानं चालतं. माझ्या मैत्रिणीचं त्यांच्याशी इतिहासाच्या बाबतीत बरंच पटत नाही. मला त्यांची नाणी तोलण्याची चिकाटी आवडते. यावर आमची भांडणं होतात, आणि ती भांडणं मला फार आवडतात.

एक इशारा देते, कारण माझ्या धंद्यात हा रोग फार आहे. सगळं थोडं थोडं येतं, म्हणून सगळ्यावर मत, हे मी म्हणत नाही. कोसंबींनी नाणी खरंच तोलली. तिनं मोडी शिकायला चार वर्षं घातली. मी तिच्याकडून मोडी शिकायला घेतलं आहे आणि माझी 'क' अजून 'फ'सारखी दिसते, असं ती म्हणते. दुसऱ्याच्या विषयात गेल्यावर आपण पहिलीत असतो, हे मान्य करावं लागतं. चाळिशीनंतर ते जड जातं. माझ्या टीममधल्या पंचविशीच्या मुलांना तर फारच जड जातं, त्यांना वाटतं डेटा मिळाला की झालं.

आता शेवटी एक काम, आणि ते गंभीर आहे.

आपल्या शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक होतं, आठवतंय? पितळी, वर नरसाळं. भूगोलाच्या बाई पावसाळ्यात दोघादोघांना रोज सकाळी वर पाठवायच्या आणि आकडा वहीत लिहून घ्यायच्या. आपल्या आधीच्या आणि नंतरच्या वर्गांनीही लिहिलं. कित्येकांनी आदल्या दिवशीचाच आकडा ढकलला असेल, मीसुद्धा एकदा, जुलैत, पाऊस फार होता म्हणून. तेही आता कबूल. त्या वह्या कुठे आहेत? शाळेच्या कपाटात दोन सापडल्या, एकीला वाळवी लागलीय. बाईंकडे एक आहे, त्यांनी मघाशी सांगितलं. बाकीच्या तीन-चार कुणाच्या तरी घरी माळ्यावर असतील.

सापडल्या तर आणून द्या. टाइप मी करीन, समास ती वाचेल. आणि वहीत ज्या दिवशी तुमची पाळी होती आणि तुम्ही वर न जाता आकडा लिहिला, तो दिवस आठवत असेल तर तेवढा आम्हाला खासगीत कळवा. नावं छापणार नाही.